कोर्सहोल्मच्या खडकावर वरचं नाव कोणाचं

मुकुंद खांबेटे, तू मला एकोणीस वर्षं फसवलंस. मी बशीर, शारजाच्या हमरिया फ्री झोनचा लाकूडवाला. दुबईच्या देऱ्यापासून अजमानपर्यंत मला एका फळीलाही कोणी फसवू शकलं नाही. तू मात्र रोज सकाळी समोर बसून, माझाच चहा पीत, मला फसवलंस.

हे आधी लिहून ठेवतो. तू गेल्यावर मंडळाच्या अंकासाठी तुझी बायको, वैशालीवहिनी, म्हणाल्या, "चार शब्द लिहा, बशीरभाई. तुम्ही ह्यांना सगळ्यांत जास्त ओळखत होता." वहिनी, तिथेच तर गोची आहे. मालाची खोट आधी सांगायची आणि मग माल दाखवायचा, ही माझी धंद्यातली रीत. चांगलं सगळं पुढे येईल. खोट ही आहे.

आणि इतकी वर्षं तुला 'अहो खांबेटे' म्हणत आलो, ते आज बंद. फसवणाऱ्याला कोणी अहो-जाहो करत नाही. पाठच्या भावालाही करत नाही. त्यातलं काय धरायचं ते तू ठरव.

वाचणाऱ्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. माझं शिक्षण सातवीपर्यंत. एकोणिसाव्या वर्षी रत्नागिरीकडच्या एका खाडीवरून आलो आणि देऱ्याच्या धक्क्यावर गलबतांतून लाकूड उतरवायला लागलो. पुढे स्वतःची वखार झाली. इंग्लिश मला बोलता येतं तेवढं भांडायला पुरतं, लिहिता येत नाही. म्हणून तुला ठेवला. लाकूड यायचं ते फिनलंडच्या किनाऱ्यावरून, एका छोट्या गिरणीतून. मालक होकान नावाचा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. त्याला ऊन सोसत नाही म्हणून तो कधी इकडे आला नाही, आणि मला थंडी सोसत नाही म्हणून मी कधी तिकडे गेलो नाही. फोनवर त्याचं मला कळेना आणि माझं त्याला. सगळा व्यवहार ई-मेलच्या पत्रांवर, म्हणजे तुझ्या बोटांवर.

मी केबिनमध्ये येरझारा घालत सांगायचो आणि तू टाइप करायचास.

"लिहा, खांबेटे. तुमचा माल बघून माझा फोर्कलिफ्टवाला हसला. गठ्ठ्यांना निळे डाग आहेत. असलं लाकूड आमच्याकडे बकऱ्यासुद्धा खात नाहीत. भाव खाली आणा, नाहीतर खलास, मी रशियाकडून घेतो."

"बकऱ्या घालू?"

"घाला. बकऱ्या दोनदा घाला."

"बरं."

"जसंच्या तसं गेलं ना?"

"भावार्थ सगळा गेला, बशीरभाई."

आठ दिवसांत होकान भाव खाली आणायचा. एकदाही घासाघीस न करता. मग मी देऱ्यातल्या कॅफेटेरियात बसून सगळ्या लाकूडवाल्यांना सांगायचो, गोऱ्याला कसा वाकवला. त्यांनी मला नाव ठेवलं होतं 'करवत'. तू शेजारी बसून समोसा खायचास आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवायचास. त्या माना आठवल्या की आता अंगाचा तिळपापड होतो.

तू गेलास त्यानंतर दोन आठवड्यांनी गौरी तुझं टेबल आवरायला आली. तुझी मुलगी आता नोकरी करते, तरी माझ्या खुर्चीसमोर उभी राहिली की मला अजून शाळेच्या युनिफॉर्ममध्येच दिसते. मी तिला म्हटलं, "बेटा, टेबल नंतर. तुझ्या डॅडीनं शुक्रवारी मेसेज केला होता, होकानचं पत्र आलंय, सोमवारी वाचून दाखवतो. तो सोमवार काही आला नाही. तू वाच. भावाचं काहीतरी असेल."

तिनं तुझा लॅपटॉप उघडला आणि वाचायला लागली. मी अर्थ लावत ऐकत होतो. होकाननं लिहिलं होतं की तुमच्या आईच्या पायऱ्यांची गोष्ट मी बायकोला पुन्हा वाचून दाखवली, आणि या उन्हाळ्यात तरी तुम्ही याच.

"थांब, थांब. हे कोणाला लिहिलंय?"

"टु यू, अंकल."

"माझ्या आईच्या पायऱ्या त्याला कोणी सांगितल्या?"

गौरीनं खाली-वर करून बघितलं. "यू डिड. लास्ट नोव्हेंबर. इट्स सो ब्युटिफुल, अंकल. आय डिडन्ट नो यू राइट लाइक धिस."

"नोव्हेंबरात मी लिहिलं होतं, गठ्ठे ओले पाठवलेत, लाज वाटत नाही का!"

"दॅट आल्सो इज देअर," ती म्हणाली. "सॉर्ट ऑफ."

ते 'सॉर्ट ऑफ' असं होतं: प्रिय होकान, माल पोचला. बाहेरच्या रांगेतल्या काही फळ्यांना ओल लागली आहे. वाटेत ताडपत्री सुटली असेल, त्यात तुमचा दोष नाही. तुम्हाला योग्य वाटेल ते करा. तुमच्याकडे आता समुद्र गोठायला लागला असेल. मागच्या वेळी तुम्ही टपाल नेणाऱ्या शेतकऱ्यांचं सांगितलंत, त्यापुढे काय झालं?

खाली सही. बशीर.

बकऱ्या एकाही पत्रात नव्हत्या, मुकुंद. गौरी लागोपाठ तीन शनिवार येऊन मला ती सगळी पत्रं वाचून दाखवत होती. एकोणीस वर्षांत एकही बकरी नाही. धमकी नाही, खलास नाही, रशियासुद्धा नाही. ज्या भांडणांवर मी माझं नाव कमावलं, त्यातलं एकही भांडण झालेलंच नव्हतं. होकान भाव खाली आणत होता, कारण त्याला वाटत होतं की वाळवंटात त्याचा एक मित्र आहे. शांत स्वभावाचा, समुद्राबद्दल विचारणारा, आईची आठवण काढणारा. त्या मित्राचं नाव बशीर.

पहिल्या शनिवारी मी टेबलावर मूठ आपटली, चहा सांडला, गौरी घाबरली. दुसऱ्या शनिवारी मी नुसता ऐकत बसलो. तिसऱ्या शनिवारी मीच म्हटलं, "ते खडकाचं परत वाच."

त्या मुलखाची मला आता इतकी माहिती झाली आहे की कोणी विचारलं तर नकाशा काढून देईन. गावाला नावं दोन. स्वीडिश बोलणारे म्हणतात कोर्सहोल्म, म्हणजे क्रॉसचं बेट. फिनिश बोलणारे म्हणतात मुस्तासारी, म्हणजे काळं बेट. एकाच जागेची दोन नावं, आणि अर्थ एकमेकांना ओळखसुद्धा दाखवत नाहीत. गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. मोठ्या शहराला तीन बाजूंनी वेढून बसलेली शेतं, जंगलं, आणि समुद्रात सांडलेली शेकडो बेटं. सगळ्याची मिळून पंचायत एक. रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीवर दोन्ही नावं. ज्या भाषेचे लोक जास्त तिचं नाव वर, कमी असतील तिचं खाली. होकानच्या बाजूला स्वीडिश वर. त्याच रस्त्यानं गाडी शहरात शिरली की फिनिश वर. होकाननं लिहिलं होतं, मी रोज कामाला जाताना बहुमतातून अल्पमतात जातो आणि संध्याकाळी परत बहुमतात येतो, गाडीचा वेग कमी न करता.

तू हे मला एकदा सांगितलंही होतंस, पिकअपमध्ये, तुझंच वाचन असल्यासारखं. मी म्हटलं होतं, "भांडत नाहीत?"

"भांडतात. पण पाटी पुसत नाहीत."

आणि तिथली जमीन वर येते. हे मला तू सांगितलंस तेव्हा मी तुला वेड्यात काढलं होतं. फार पूर्वी त्या मुलखावर मैलाहून जाड बर्फ बसलं होतं. त्याच्या वजनानं जमीन खाली दबली. बर्फ वितळून हजारो वर्षं झाली, पण दबलेली जमीन अजून वर येतेच आहे. वर्षाला बोटाच्या नखाएवढी. आपल्या यार्डात थप्पी हलवली की खालचं रबर हळूहळू फुगतं ना, तसं. फक्त हे रबर अख्ख्या देशाएवढं. त्यामुळे समुद्र मागे सरकतो. आजोबांनी बांधलेला धक्का नातवाच्या वेळी गवतात उभा असतो. होड्या ठेवायच्या लाकडी खोपी पाण्यापासून शंभर पावलं दूर. ज्या बेटावरच्या किल्ल्यावरून गावाला नाव पडलं, तो किल्ला आता मातीचं टेकाड आहे आणि भोवती शेतं. माझा पहिला प्रश्न तुला आठवत असेल.

"म्हणजे फुकटात जमीन? कोणाच्या नावावर होते?"

तू हसून टाइप करायला लागलास. उत्तर मी विसरलो होतो, गौरीनं वाचलं. होकाननं लिहिलं होतं की नवी जमीन किनाऱ्यावर राहणाऱ्याची होत नाही. त्या पाण्यात ज्या-ज्या गावकऱ्यांचा हिस्सा होता, त्या सगळ्यांची ती सामायिक. माझ्या घरासमोर उगवली तरी माझी नाही, हवी तर गावाकडून विकत घ्यायची. पुढे लिहिलं होतं, तुमचा प्रश्न अगदी माझ्या आजोबांसारखा आहे, बशीर. ते मरेपर्यंत यावर गावाशी भांडत होते.

सगळ्या पत्रांत माझं म्हणावं असं हे एक वाक्य. तू ते बदललं नाहीस. का, ते मला कळलं नाही. पण त्या दिवशी ते ऐकून ऊर भरून आला.

शेजारचं शहर एकदा जळून गेलं. समुद्र तोवर दूर गेलेला, बंदर गाळानं आणि उथळ पाण्यानं निकामी झालेलं. लोकांनी जळालेल्या जागी परत घरं बांधली नाहीत. समुद्र जिथे गेला होता तिथे त्याच्या मागोमाग गेले आणि तिथे नवं शहर बांधलं. जुन्या जागी जे थोडं वाचलं, त्यात कोर्टाची मोठी इमारत होती. पुढे तिचं कोर्सहोल्मवाल्यांनी चर्च केलं. जिथे उभं राहून माणसं शिक्षा ऐकत, तिथे बसून आता माफी मागतात.

यावरून आपलं भांडण झालं होतं. अर्धवटच राहिलं.

आमची खाडी अशीच गेली. माझे बाबा स्वतःच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. धक्क्याला सात पायऱ्या. भरतीला पाच बुडायच्या तेव्हा मोठा मचवा आत यायचा. आई रोज जाऊन बुडालेल्या पायऱ्या मोजायची आणि घरी येऊन सांगायची, बाबा आज येतील की उद्या. मग गाळ भरला. चार बुडायला लागल्या, तीन, मग एक. मचवा बाहेरच थांबायचा, नंतर तोही विकला. पुढे भरतीलासुद्धा एकही पायरी बुडेना, तरी आई मोजायला जायची. हे मी कोणाला सांगत नाही. तुला सांगितलं, कारण तू देऱ्याहून हमरियाला जाताना पिकअपमध्ये एकेक प्रश्न विचारायचास, आणि ट्रॅफिकमध्ये माणूस दुसरं काय करणार.

"पायऱ्या किती होत्या, बशीरभाई?"

"सात. का? जिना बांधताय?"

"आणि आई मोजायची ती वरून की खालून?"

"खालून, पाण्यातून. वरून कोण मोजेल? अहो, तुम्हाला काय करायचंय?"

आता कळलं काय करायचं होतं. मी शारजाच्या सिग्नलला जे बोललो ते आठवड्याभरात बाल्टिक समुद्रावर पोचत होतं. माझी आई, जी मुंबईच्या पुढे कधी गेली नाही, ती होकानच्या स्वयंपाकघरात रोजची झाली होती. त्याच्या बायकोनं एका पत्राखाली स्वतः लिहिलं आहे की आमच्याकडे भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, त्यामुळे तुमच्या आईसारखं रोज मोजण्याचं सुख आम्हाला नाही. आम्ही वर्षातून एकदाच मोजतो.

ते मोजतात तो खडक. माझा पहिला माल निघाला त्या उन्हाळ्यात तू, म्हणजे मी, विचारलं होतं की जमीन खरंच वर येते याचा पुरावा काय. होकाननं आपल्या खोपीजवळच्या खडकावर, वारा पडलेल्या दिवशी, पाण्याच्या रेषेवर छिन्नीनं एक खाच कोरली. दर उन्हाळ्यात तसाच शांत दिवस बघून तो पाणी कुठे आलं ते मोजायचा आणि लिहायचा. दोन बोटं. तीन बोटं. एका वर्षी वाऱ्यानं घोळ घातला, पाणी उलटं वर. गेल्या उन्हाळ्यात लिहिलं आहे, एक वीत व्हायला थोडंच बाकी. खाचेशेजारी त्यानं पहिल्याच वर्षी एक अक्षर कोरलं आहे. बी. बशीरचा.

माझं नाव फिनलंडच्या खडकावर आहे आणि मला माहीत नव्हतं!

आता ते भांडण, तू गेलास त्याच आठवड्यातल्या गुरुवारचं. हमरियाच्या वळणावर तू हळूच सुरुवात केलीस.

"बशीरभाई, या उन्हाळ्यात तुम्ही होकानकडे जाऊन या."

"कशाला? लाकूड इथे येतं. मी लाकडाकडे का जाऊ?"

"एक खडक आहे तिथे. बघण्यासारखा."

"तिकीट केवढ्याचं?"

"दोन हजार आठशे दिरहॅम, जाऊन-येऊन."

"म्हणजे सदुसष्ट हजार रुपये! खडक बघायला! आमच्या कोकणातल्या सड्यावर, कातळावर या, ढिगानं आहेत, बसल्या-बसल्या दाखवतो."

"तिथेही समुद्र गेला, बशीरभाई. पण ते लोक रडत बसले नाहीत. समुद्र गेला म्हणण्यापेक्षा जमीन आली म्हणायला शिकले."

"माझ्या बापाचा मचवा कवडीमोल गेला. जमीन आली म्हणू? आईला सांगू, मोजू नकोस, जमीन आली?"

"आईंना मी..." इतकंच म्हणालास आणि थांबलास. मग, "बशीरभाई, एक गोष्ट कबूल करायची आहे."

आणि मी गाडी बाजूला घेतली आणि म्हणालो, "उतरा."

तू उतरलास. भर उन्हात, जेवणाचा डबा हातात घेऊन. आरशात बघितलं तर तू टॅक्सीला हात करत होतास आणि दुसऱ्या हातानं मला 'जा, जा' म्हणत होतास, जसं काही मलाच उशीर होत होता. शुक्रवारी तुझा मेसेज आला. मी उत्तर दिलं नाही. मला राग होता. माझा राग सोमवारपर्यंत टिकतो, हे तुला माहीत होतं, म्हणून तूच सोमवार लिहिलास. शनिवारी सकाळी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी, चहाचा कप हातात असताना, तू गेलास. जेबेल अलीच्या स्मशानात मी एका बाजूला उभा राहिलो. काय म्हणायचं ते तुमच्या रीतीतलं मला येत नव्हतं, म्हणून माझ्या रीतीतलं म्हटलं. भावार्थ पोचला असेल.

मुकुंद, तू उतरलास ते बरोबर केलंस आणि मी उतरवलं ते चूक. हे एकदाच लिहितो. यावर घासाघीस नाही.

होकानचे पूर्वज टपाल नेणारे. त्या बेटांवरच्या शेतकऱ्यांवर सरकारची सक्तीच होती: पलीकडच्या देशातून येणारं टपाल समुद्र ओलांडून न्यायचं. उन्हाळ्यात वल्ही मारत, हिवाळ्यात होडी बर्फावरून ओढत, आणि ना धड पाणी ना धड बर्फ अशा दिवसांत निम्मं वल्हवत निम्मं ओढत. माणसं बुडायची. पिशवी मात्र उघडायची नाही. आत राजाचा हुकूम आहे की कोणाचं प्रेमपत्र, ते नेणाऱ्यानं बघायचं नाही. जसं दिलं तसं पोचवायचं. तू हे सगळं वाचलंस, कौतुकानं चार प्रश्न विचारलेस, आणि त्याच संध्याकाळी माझी पिशवी उघडून माझ्या शिव्या काढून टाकल्यास, आत माझी आई घातलीस. असला टपालवाला त्या बेटावर एक दिवस टिकला नसता.

माझ्यासमोर आता एक काम होतं, आणि तसलं काम माझ्या धंद्यात कधी आलं नव्हतं. होकानला उत्तर द्यायचं होतं. तू आहेस हेच त्याला माहीत नव्हतं. मी गप्प राहिलो असतो, गौरीकडून दोन गोड ओळी लिहून घेतल्या असत्या, तर त्याचा मित्र जिवंत राहिला असता आणि तू त्या किनाऱ्यावर कधी मेलाच नसतास. कारण तिथे तू कधी जन्मलाच नव्हतास. खरं सांगितलं तर म्हाताऱ्याचा मित्र जाणार, आणि बदल्यात त्याला मिळणार मी.

वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "ह्यांचं नाव एकदा तरी त्या माणसाच्या घरात कोणी उच्चारायला हवं, बशीरभाई." मग प्रश्नच मिटला.

मी गौरीला समोर बसवलं. "लिही. आणि भावार्थ नको. जसंच्या तसं."

"ओके अंकल. वर्ड फॉर वर्ड."

"लिही: होकान, तुला पत्रं लिहिणारा माणूस मेला. त्याचं नाव मुकुंद खांबेटे. तो माझ्याकडे नोकरीला होता. मी बशीर. मी तुला एकोणीस वर्षं फक्त शिव्या पाठवल्या, त्या त्यानं पोचवल्या नाहीत. आई माझी खरी आहे. पायऱ्या खऱ्या आहेत, सातच होत्या. जमीन कोणाच्या नावावर होते हा प्रश्न माझा. बाकी विचारपूस सगळी त्याची. तुझ्या खडकावरचं अक्षर चुकीचं आहे. ते पुसायचं असेल तर पूस, मी वाईट वाटून घेणार नाही. खोटं सांगतोय, वाटून घेईन."

गौरी लिहिता-लिहिता रडत होती. "अंकल, शुड आय कीप द लास्ट लाइन?"

"ठेव. तुझा बाप असता तर त्यानं काढली असती."

नऊ दिवस उत्तर नाही. करवत म्हणवणारा माणूस मी, पण नऊ दिवस रोज सकाळी तुझा लॅपटॉप उघडून गौरीनं शिकवलं तसं बोटानं खाली ओढून बघायचो, काही आलं का. आईसारखा. खालून मोजत.

दहाव्या दिवशी आलं. होकाननं लिहिलं होतं की तुमचं पत्र मी बायकोला खोपीच्या पायरीवर बसून वाचून दाखवलं. मग ती म्हणाली, म्हणजे आपले मित्र दोन होते आणि टपालाचं तिकीट आपण एकाचंच लावत होतो. बेटावरच्या छोट्या प्रार्थनाघरात रविवारी तुमच्या मित्राचं नाव वाचलं. पाद्रीला ते दोनदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा नीट जमलं नाही.

मुकुंद खांबेटे. त्या गवतात गेलेल्या धक्क्यांजवळ, स्वीडिश तोंडातून. तुझं नाव.

पुढे त्यानं माझ्या शिव्या मागितल्या आहेत. सगळ्या, मूळच्या. म्हणाला, एकोणीस वर्षांचा माल अडकला आहे, सवडीनं पाठवा. बकऱ्या विशेष आवडल्या. (गौरीनं त्याला बकऱ्यांचं कधी सांगितलं हे मला माहीत नाही. तीही पिशवी उघडते, तुझीच मुलगी.)

आणि शेवटी खडकाचं. होकान लिहितो: अक्षर पुसणार नाही. खडकावरून काही पुसण्याची आमच्याकडे पद्धत नाही, आणि आमच्या गावात एका जागेवर दोन नावं लिहिणं हे कोणाला अवघड वाटत नाही, लहानपणापासून आम्ही तेच वाचतो. या उन्हाळ्यात नवी खाच कोरताना दुसरं नाव घालू. तुम्ही स्वतः या, वारा पडेपर्यंत थांबा, आणि एवढंच सांगा की वर कोणाचं लिहायचं. आमचा नियम तुम्हाला माहीत आहे. जो जास्त, तो वर.

तिकीट काढलं आहे. तू म्हणालास त्याहून दोनशे दिरहॅम जास्त पडले, हेही तुझ्या खात्यावर. गौरी येते आहे बरोबर. वहिनींनी तुझा तो राखाडी स्वेटर मला दिला आहे. पोटावर ताणतो, पण बसतो.

पण मुकुंद, त्या खडकासमोर मी काय सांगू? पत्रांत जो माणूस होता त्याची आई माझी, खाडी माझी, बाप माझा, नाव माझं. विचारणं तुझं, ऐकून घेणं तुझं, शब्द तुझे, माया तुझी. मी गौरीला घेऊन ती पत्रं ओळीओळीनं वाटायला बसलो, ही माझी, ही तुझी, जसे आपण गठ्ठे वेगळे करतो तसे. दोन पानांत हरलो. एक ओळसुद्धा धड वेगळी निघेना. आयुष्यात पहिल्यांदा मला माझाच माल ओळखता आला नाही. हे तू केलंस. विचारल्याशिवाय, सांगितल्याशिवाय, माझ्या सहीखाली. आणि कबूल करायची वेळ आली तेव्हा मी तुला उतरवलं, तर गुपचूप उतरून गेलास. भांडायचं होतंस. दार धरून बसायचं होतंस. एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतंस.

म्हणून आता मी विचारतो आणि या वेळी जसंच्या तसं उत्तर हवं, भावार्थ चालणार नाही. वारा पडलेला असेल, होकान छिन्नी घेऊन वाकलेला असेल, तुझी मुलगी माझ्याकडे बघत असेल. त्या पत्रांत जास्त कोण होतं, मुकुंद, तू की मी? बोल. याचा जबाब तुलाच द्यावा लागेल.